दुसरी वेणी

मुलींनी तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं आणि ते शोभत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. काळ्या दोरीतली ती शिट्टी बाई डबा खातानासुद्धा गळ्यातून काढत नसे. सिस्टरांच्या या शाळेत शिस्तीचं सगळं तिच्याकडे होतं. मोजे गुडघ्यापर्यंत, नखं कापलेली, जिन्यात तोंड बंद, चॅपलसमोरून जाताना मान खाली, आणि केसांच्या दोन घट्ट वेण्या, वर दुमडून पांढऱ्या रिबिनीत बांधलेल्या. सिस्टर परवडल्या, त्या निदान देवाला तरी भितात, असं मुली आपसात म्हणायच्या.

वेण्यांचा नियम तिच्याच डोक्यातून निघालेला. मध्यंतरी शाळेत उवांचा सुळसुळाट झाला होता, तेव्हा तिने तो प्रिन्सिपल सिस्टरांच्या गळी उतरवला. वेणी पहिल्यांदा सुटलेली दिसली तर ताकीद. त्याच सत्रात पुन्हा दिसली तर ती वेणी असेंब्लीत, सगळ्यांसमोर, कानाखालून कापायची. मग मुलीने ती स्वतःच्या हाताने नेऊन मदर मेरीच्या पुतळ्यापुढे ठेवायची. याला शिक्षा म्हणायचं नाही, अर्पण म्हणायचं. आणि ठेवताना रडायचं नाही, कारण अर्पण करताना कोणी रडतं का? हे शेवटचंही शिट्टीलाच सुचलं होतं. उवा केव्हाच गेल्या, नियम तेवढा राहिला.

तिची मुलगी याच शाळेत सातवीत होती. सतत शिट्टीच्या मागे येते म्हणून तिचं नाव शेपटी. फाटकाच्या आत आल्यावर आईला आई म्हणायचं नाही, मिस म्हणायचं, आणि अहो-जाहो करायचं, हे तिला शिशुवर्गातच शिकवलं गेलं होतं. शाळेच्या पहिल्याच दिवशी ती रांग सोडून आईच्या पायांना बिलगली होती. शिट्टीने तिची बोटं सोडवली आणि सगळ्यांदेखत तिला रांगेत परत पाठवलं. पोरगी हुशार, एकदाच सांगावं लागलं.

आई मिळायची ती सकाळी, स्वयंपाकघरात. बाबा बेकरीत भट्टीवर कामाला, ते पहाटेच गेलेले असत. शेपटी स्टुलावर बसायची आणि आई मागे उभी राहून तिच्या वेण्या घालायची. हात इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. पण तेवढ्या वेळात आई प्रिन्सिपल सिस्टरांची नक्कल करायची, शाळेचे मॅनेजर फादर खोकतात तशी खोकून दाखवायची, आणि दोघी खो खो हसायच्या. शिट्टीला नक्कल करता येते हे शाळेत कोणाला सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. शेपटीने कधी कोणाला सांगितलं नाही. ते तिचं एकटीचं होतं, आणि अख्खा दिवस ती त्यावर काढायची.

त्या वर्षी व्हाइस प्रिन्सिपलची जागा रिकामी झाली. आजवर तिथे सिस्टरच बसत आल्या होत्या. प्रिन्सिपल सिस्टरांनी शिट्टीला बोलावून घेतलं.

"मी तुमचं नाव पुढे केलंय," त्या म्हणाल्या. "फक्त फादरांच्या मनात एक शंका आहे. तुमची मुलगी इथेच शिकते. तिच्या बाबतीत तुम्ही डोळेझाक तर करणार नाही ना?"

"बघालच तुम्ही, सिस्टर."

दोनच दिवसांत खेळाच्या तासाला शेपटीची रिबीन जराशी घसरली. शिट्टीने भर मैदानात शिट्टी फुंकून सगळा खेळ थांबवला आणि तिला ताकीद दिली. दुसऱ्या सकाळी स्टुलावर शेपटी म्हणाली, "आई, किती जोरात वाजवलीस गं!" आई म्हणाली, "अगं, थोडे दिवस कळ काढ. एकदा जागा मिळाली ना, की मग बघू." शेपटीला ते पटलं. आईला ती जागा मिळावी असं तिलाही मनापासून वाटत होतं.

पुढे जिन्यात पाय घसरून शेपटीचं उजवं मनगट मुरगळलं आणि हाताला जाड बँडेज आलं. आणि ज्या दिवशी मॅनेजर फादर असेंब्लीत नाव जाहीर करणार होते, त्या सकाळी, एक वेणी घालून झालेली आणि दुसरी अर्ध्यात असताना फोन वाजला. फादर लवकर पोचले होते आणि सभागृहाची किल्ली शिट्टीच्या पर्समध्ये होती.

"दुसरी तू घाल गं राणी," आई चपला शोधत म्हणाली.

"आई, हात..."

"मग कोणाकडून तरी घालून घे. रांगेत किती मुली असतात!" आणि ती गेलीसुद्धा.

रांगेत शेपटीने मागच्या मुलीला विचारलं. त्या मुलीची वेणी गेल्या सत्रात कापली गेली होती. केस आता कुठे जेमतेम मानेपर्यंत आले होते.

"घालते की," ती गोड हसून म्हणाली. तिने वेणी घातली, रिबिनीला वरवर एक गाठ मारली आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. अख्ख्या रांगेला कळलं. शेपटीला मात्र कळलं ते प्रार्थनेला मान खाली घातली तेव्हा. रिबीन खांद्यावरून सरकत जमिनीवर पडली आणि केस मोकळे झाले.

प्रिन्सिपल सिस्टरांची नजर तिथेच होती. प्रार्थना संपल्यावर त्यांनी तिला व्यासपीठावर बोलावलं.

"ही दुसरी वेळ ना, मिस?"

"हो, सिस्टर," शिट्टी म्हणाली.

सिस्टर वाकून बँडेजकडे बघत होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. "हिच्या हाताला तर लागलंय. मग वेण्या घालतं कोण? घरी कोणी लक्ष देत नाही का?"

फादरही पुढे झुकले. शिट्टीने एक वाक्य बोलायचं होतं. "चूक माझी, सिस्टर, मीच अर्धवट टाकून आले," एवढंच. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने फादरांकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

शेपटीने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मीच घालते, सिस्टर. आज आळस केला."

सिस्टरांनी मान हलवली. शिवणाच्या वर्गातली कात्री शिट्टीच्या हातात आली. केस दाट होते, एका झटक्यात तुटेनात, तेव्हा शिट्टीला दुसऱ्या हाताने लेकीचं डोकं धरून ठेवावं लागलं. शेपटीने ते केस उचलले, डाव्या हाताने पुतळ्यापुढे नेऊन ठेवले. रडली नाही.

"मुलींनो," फादर म्हणाले आणि खोकले, "न्याय म्हणतात तो हा." मग त्यांनी नाव जाहीर केलं आणि टाळ्या सुरू झाल्या. बँडेज असलेल्या हाताने वाजत नाही, म्हणून शेपटी डावा हात मांडीवर आपटत होती.

संध्याकाळी बाबांनी लेकीचं डोकं पाहिलं, काय झालं ते विचारून घेतलं आणि बायकोला म्हणाले, "अभिनंदन." त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या सकाळी शिट्टी उठली तेव्हा शेपटी युनिफॉर्म घालून, कंगवा आणि दोन रिबिनी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेली होती. एका बाजूला वेणीचे लांब केस, दुसऱ्या बाजूला कानाखाली उभे राहिलेले खुंट.

शिट्टीला रात्रभर झोप लागली नव्हती. "बाळा, आपण आज शाळेत जायचंच नाही," ती म्हणाली. "दोन्हीकडचे सारखे कापून घेऊ. छान दिसेल तुला. मग फादर कसे खोकले ते दाखवते." आणि ती खोकली. अगदी हुबेहूब.

शेपटी हसली नाही. तिने कंगवा मागे केला.

"दोन वेण्यांचा नियम आहे, मिस," ती म्हणाली. "घट्ट घाला."

शिट्टीने घट्ट ओढून पाहिलं. दुसऱ्या बाजूला धरायला काहीच येत नव्हतं, तरी ती ओढत राहिली, कारण आपण थांबलो की मुलगी उठून जाईल हे तिला कळत होतं.