जाळीवरची खुर्ची

श्रीरामनं रिमोट टीव्हीवर रोखला आणि टेप मागे घेतली. पडद्यावरचे उमेदवार भराभर उलटे हातवारे करू लागले.

"हे ऐक, देवा. काल रेकॉर्ड केलं ते याच्यासाठीच. काय बोललाय गडी!"

लाल टायवाला उमेदवार पुन्हा तेच बोलला. नोकरी असो की कॉलेज, जागा मिळावी ती फक्त लायकीवर. कोटा म्हणजे एकाच्या ताटातला घास उचलून दुसऱ्याच्या ताटात टाकणं. डिबेटच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. श्रीरामनंही सोफ्यावर बसल्या बसल्या दोन वाजवल्या.

देवानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं चिवड्याची वाटी खाली ठेवली. तो उठलाच असता, पण बेसमेंटच्या छतातून गेलेल्या हीटिंगच्या पत्र्याच्या नळातून वरच्या बायकांचं हसणं खाली आलं, आणि त्यात उपासनाचं हसणं होतं. महिन्याभरात ती अशी हसली नव्हती. तो बसून राहिला.

उपासनाला सातवा महिना लागला होता. तिची आई नागपुरात, सासू त्याहून लांब, खेड्यात. मग श्रीरामच्या बायकोनं, विनीतानं, अमेरिकेतल्या या हर्नडन गावातल्या ओळखीच्या बायका जमवून आपल्याच घरी डोहाळजेवणाचा घाट घातला. रविवार असूनही बाकीचे नवरे वाय-टू-केच्या, सन दोन हजारसाठी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या कामावर अडकलेले, त्यामुळे खाली हे दोघंच. इकडे येताना गाडीत उपासनानं बजावलं होतं, "आज वाद नको हं. माझं कोण आहे इथे? चार बायका लाड करतायत तर करू द्या." आणि गुलाबाच्या फुलांचा कुठलासा उखाणा दोनदा म्हणून पाहिला होता.

वाद घालायला तोंड उघडायला लागतं. ते देवानंदनं दोन वर्षांत उघडलंच नव्हतं. मुलगा नागपूरचा, इंजिनिअर, बोलणं स्वच्छ, म्हणजे आपल्यातलाच, असं श्रीरामनं पहिल्याच भेटीत परस्पर ठरवून टाकलं होतं. आडनावावरून काही कळत नव्हतं. यानंही सांगितलं नाही. देवानंदच्या घरात बुद्धाची मूर्ती पाहून विनीता म्हणाली होती, किती शांत वाटतं ना, मीही हॉलसाठी अशीच शोधत्येय. तेव्हाही दोघं मूग गिळून बसले होते. तो सगळा राग आज एकदम वर आला होता.

"श्रीरामदादा," तो आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या कंपनीला ते सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळालं, ते मायनॉरिटीसाठी राखीव होतं ना?"

"हो. अप्लाय केलं, मिळालं. आपण ब्राउन आहोत यार, मायनॉरिटीच की."

"मग तोही कोटाच झाला."

"छे, ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"अरे, आपल्याला काम येतं."

घ्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सात समुद्र ओलांडून माणूस इथे आला, सिटिझन झाला, गोऱ्यांच्या देशात राखीव जागेवर मांडी घालून बसला, आणि मनातली उतरंड मात्र सामानात नीट बांधून घेऊन आला. एक मडकंसुद्धा फुटू दिलं नाही त्यानं.

"आमच्या कॉलेजात होते ना कोट्यातले," श्रीराम मजेत सांगत होता. "सरकारचे जावई म्हणायचो आम्ही त्यांना. तोंडावर म्हणायचो. उद्या तुझ्या पोराची सीट असल्या कुणीतरी घेतली म्हणजे कळेल तुला. थांब, परत ऐक."

त्यानं टेप पुन्हा मागे घेतली आणि आवाज वाढवला.

सरकारचे जावई. मेसच्या रांगेत, ताट हातात धरून उभं असताना मागून यायचं ते. मागे वळून बघायचं नाही, असं त्याच्या बाबानं सांगून ठेवलं होतं. शिकून घे, मग वळ. शिकून झालं, नोकरी झाली, देश बदलला, आणि अजून वळणं झालं नव्हतं.

"आम्ही निघतो," देवानंद म्हणाला.

"अरे, जेवण व्हायचंय."

त्यानं दोघांचे कोट उचलले आणि जिना चढू लागला. उपासनाला उठवायचं आणि दारात उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगायचं, की मी त्यातलाच. ती रडेल. रडू दे. तिचा एवढा एक दिवस नासेल हे त्याला कळत होतं, तरी पाय थांबेनात.

वर आला तेव्हा हॉलमध्ये कुणीच हसत नव्हतं.

हिरव्या साडीत, हातात फुलांच्या वाक्या घालून उपासना मधोमध बसली होती. तिला थंडी वाजू नये म्हणून विनीतानं तिची खुर्ची फरशीतल्या गरम हवेच्या जाळीवर मांडली होती. त्या जाळीतून खालचा टीव्ही खणखणीत ऐकू येत होता. ताटातला घास, लाल टायवाला म्हणत होता. मग श्रीरामचा आवाज आला, "वा!"

बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. विनीता ओटीचा नारळ हातात घेऊन समोर उभी होती.

"आधी नाव घे," ती घाईनं म्हणाली. "मघाशी सांगितलास तो गुलाबांचा उखाणा घे ना, छान आहे."

उपासनानं जिन्याकडे पाहिलं. देवानंद दिसला, त्याच्या हातातले कोट दिसले. तिनं मान वळवली, पदर दोन्ही हातांनी पुढे पसरून धरला आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली,

"भीमरायाच्या लेखणीनं उघडलं कॉलेजचं दार,
कोट्यातून शिकलेल्या देवानंदरावांची मी जोडीदार."

नेहमी उखाण्यानंतर बायका 'वा' करतात. कुणी केलं नाही. एका बाईनं गजरा नीट केला, तो नीटच होता. खाली टेप पुन्हा मागे गेल्याचा सुळसुळ आवाज आला आणि लाल टायवाला पहिल्यापासून सुरू झाला.

देवानंदला बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही त्याचं नव्हतं. राग तसाच होता. फक्त आता कुठे जायची घाई नव्हती. त्यानं दोन्ही कोट जिन्याजवळच्या खुंटीला लावले आणि उपासनाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

विनीताच्या हातातला नारळ अजून हातातच होता.

"विनीताताई," उपासना म्हणाली, "पदर धरलाय मी. हात भरून आले."