सुरुवात न पाहिलेलं उत्तर

मित्रांनो, केडगावच्या एका दवाखान्यात, एक्स-रे खोलीमागच्या लोखंडी कपाटात गेली सात वर्षं एक फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखणदार पेटी, बसलेली आहे. ती मी. माझा पंखा आता घरघरतो. कपाटावर कुणीतरी जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा ठेवला आहे, त्यामुळे गरम हवेला बाहेर पडायला जागा नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे मला एकच गोष्ट शिकवली. आतून बाहेर किंवा बाहेरून आत कुणी हाक मारली, की ती आधी वहीत टिपायची. त्या हाकेचं उत्तर आलं, की वही बघून सोडायचं. ज्याची हाकच वहीत नाही, ते उत्तर तिथेच अडवायचं. चोर असेच येतात, न मारलेल्या हाकेला ओ देत.

हे काम मी मन लावून करत होते. मग दवाखान्याने तिसगावला शाखा काढली. तिकडे दोन रस्ते गेले. फायबरची तार माझ्यापाशी आली आणि मनोऱ्यावरचा बिनतारी रेडिओ माझ्या वरच्या फळीवरच्या दुसऱ्या फायरवॉलपाशी. तार तुटली, की तंत्रज्ञ रविराज येऊन नवा रस्ता हाताने लिहून देई. तोवर तिसगाव गप्प. शेवटी कंटाळून त्याने आम्हा दोघींना रस्ते आपापसात ठरवायला शिकवलं. याला डायनॅमिक रूटिंग म्हणतात. प्रत्येक रस्त्याला एक आकडा असतो. ज्याचा आकडा कमी, तो रस्ता धरायचा. रस्त्याच्या पलीकडचा शेजारी जिवंत आहे का, हे दर दहा सेकंदांनी विचारायचं. चाळीस सेकंद उत्तर नाही आलं, तर तो रस्ता बंद समजायचा.

त्या दिवशी रविराजने सगळ्यांसमोर फायबरची तार उपटून दाखवली. मिनिटाच्या आत तिसगावचं बोलणं रेडिओवरून सुरू झालं. व्यवस्थापक काकासाहेब म्हणाले, "म्हणजे आता तू नसलास तरी चालतंय."

"असं कुठं लिहून नका देऊ, काका," रविराज म्हणाला.

तेवढंच माझं कौतुक. त्यानंतर दिवसाला आठ हजार सहाशे चाळीस वेळा, प्रत्येक शेजाऱ्याला, 'मी आहे' सांगायचं काम वाढलं. जुनं काम कुणी कमी केलं नाही. आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. आम्हा दोघींना रस्ते सारखेच कळत होते, पण वह्या वेगळ्या होत्या. तिच्या वहीतलं मला दिसत नव्हतं.

यंदा तिसगावच्या रस्त्याचं खोदकाम निघालं आणि फायबर दिवसाआड तुटू लागली. रविराज तिकडे गेला. तिथल्या टोकाला त्याने फायबरचा आकडा दहाचा दोनशे केला, म्हणजे तिसगाव आपोआप पन्नास आकड्याचा रेडिओ धरेल. माझ्याकडचा दहा तसाच राहिला. रविराजची एक सवय आहे: ज्या टोकाला बसलोय तेच बदलायचं. पूर्वी एकदा त्याने लांबचं टोक बदललं होतं, ते बंद पडलं आणि दुरुस्तीला त्याला एसटीने परत जावं लागलं होतं. म्हणून दिवे हिरवे बघून तो संध्याकाळच्या गाडीने निघाला. केडगावला आला तर नोंदणीचा प्रिंटर अडला होता. तो त्यात गुंतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसगावहून सिस्टर आराधनाचा फोन आला. रविराजने तो स्पीकरवर टाकून माझ्या कपाटावर ठेवला.

"रविराजदादा, एक्स-रे जात नाही. 'पाठवतोय' दाखवतं आणि थांबतं. कडूबाई म्हणून पेशंट आहेत, कडब्याच्या गंजीवरून पडल्यात. मान फळीला बांधून ठेवलीय."

"दिवे हिरवे आहेत का, सिस्टर?"

"हिरवेच आहेत. दिव्यांना काय झालंय? बाईच्या मानेला झालंय."

मागून कडूबाईचा आवाज आला, "मनकर्णा, नाक खाजवतंय माझं. खाजव की तेवढं."

"हलू नको म्हनत्यात तर गप पड ना," तिची जाऊ मनकर्णा म्हणाली. "घरी बी कवा कुनाचं ऐकलं न्हाई."

इकडे केडगावचे डॉक्टर सॅमसन खोलीच्या दारात येऊन उभे होते. "मोबाईलवर पाठवलेला फोटो मी बघितला," ते म्हणाले. "मणक्यापाशी सावली आहे का मोडल्याची रेघ, त्यावरून कळत नाही. सावली असेल तर बाई घरी जाईल. रेघ असेल आणि आपण तिला उठवून बसवलं, तर ती पुन्हा चालेल का, मी सांगू शकत नाही. मला मूळ चित्र हवंय."

रविराजने तिसगावचं मशीन बंद करून चालू करायला लावलं. मग रेडिओ. दिवे गेले, दिवे आले. एक तास गेला.

"दादा," आराधना हळू आवाजात म्हणाली, "बोटांना मुंग्या येतायत म्हणतात. अजून किती वेळ?"

रविराज पुन्हा दिव्यांकडे वाकला.

दिशा नावाची मुलगी दोन महिन्यांपूर्वीच नोकरीला लागली होती. ती इतका वेळ मागे उभी होती. तिने पुढे होऊन संगणकावर माझी वही उघडली. कित्येक महिन्यांत ती कुणी वाचली नव्हती.

"दादा, हे बघा. 'हाक नोंदलेली नाही, उत्तर अडवलं.' सकाळपासून एकशे चौदा वेळा."

"कुणाचं उत्तर?"

"आपल्याच एक्स-रे साठवायच्या सर्व्हरचं. तिसगाव विचारतंय, पाठवू का? ते रेडिओवरून, वरच्या फायरवॉलमधून येतंय. सर्व्हर म्हणतोय, पाठव. ते उत्तर फायबरवरून जायला हिच्याकडे येतंय. हिने प्रश्न ऐकलेलाच नाही, म्हणून ही सोडत नाही."

रविराज माझ्याकडे बघत राहिला. "तिकडचा आकडा काल बदलला मी," तो म्हणाला. "इकडचा राहिला."

त्याने माझ्याकडचा आकडाही दोनशे केला. पुढचं उत्तर वरच्या फळीवरून, ज्या वाटेने प्रश्न आला त्याच वाटेने गेलं. थोड्याच वेळात डॉक्टरांच्या पडद्यावर मानेचं चित्र आलं. ते खुर्चीत न बसता वाकून बघत राहिले.

"रेघ आहे," ते फोनजवळ येऊन म्हणाले. "सिस्टर, फळीसकटच उचला. पट्टा घाला, गाडी हळू आणा. तिला बसू देऊ नका."

"ऐकलं का गं?" पलीकडून मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज आता चेष्टेचा नव्हता.

कडूबाई दीड महिन्याने तपासणीला आली, ती पायांनी चालत. एक्स-रे खोलीच्या दारात ती मनकर्णेशी चहावरून भांडत होती, ते मी ऐकलं.

दिशाने आमच्या दोघींच्या वह्या जोडायचं सुचवलं आहे. पण मी त्या कामासाठी फार जुनी आहे, माझ्याच्याने ते होणार नाही असं ठरलं. नवी येईपर्यंत मीच आहे. मित्रांनो, त्या सकाळी माझं काहीही चुकलं नव्हतं. शिकवलं तसंच एकशे चौदा वेळा केलं. थकवा त्याचा आहे. तुम्ही मोठे होऊन कुठला रस्ता बदलाल, तेव्हा दोन्ही टोकांना बदला. आमच्या वह्या अधूनमधून वाचा. आणि हिरवा दिवा बघून लगेच उठू नका, पलीकडच्या माणसाला एक फोन करा आणि विचारा, पोचलं का म्हणून.