काळ्या पॅनलची खालची कड

“लालसिंगभाऊ, तुमच्या सोताच्या घरावर कोनतं सोलर पॅनल हाय? निळं का काळं?”

शिडीवर उभं राहून, मुंडकं तेवढं गच्चीवर काढून अंजूनं विचारूनच टाकलं! खाली अंगणात तिच्या मैत्रिणी, निकिता आणि रूपाली, तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. विचारून दाखव, मग मालेगावच्या स्टँडवरची कचोरी आमच्याकडून, ही पैज त्यांचीच.

मालेगावच्या दुकानातून तक्रार पाहायला आलेला लालसिंग वायरी हातात धरूनच वळला.

“निळं,” तो म्हणाला. “काळं घ्या म्हनते बायको. म्या म्हनलं, आधी गिऱ्हाइकाचं तं निपटू दे.”

“घ्या! विकनारा निळं वापरते अन् आपल्याले काळं देते,” पलीकडून रंगराव, अंजूचे बाबा, म्हणाले.

असं बोलायचं बळ बाबांना अंजूनंच दिलं होतं. गोठ्याच्या टिनावर एक जुनं निळं पॅनल होतं, आणि यंदा गच्चीवर दोन नवी काळी बसली. काळं महाग, पण वीज जास्त देतं, असं जो तो सांगायचा. देतं का खरंच? अंजूनं शाळेसाठी तोच प्रयोग घेतला. पॅनलच्या पाठीवर जेवढे वॉट लिहिलेत, त्यातले भर दुपारी किती उतरतात? सकाळची शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि ओसरीतल्या दोन मीटरांवरचे आकडे टिपायचे. दर वेळी निळं पुढं, काळं मागं! सर इतके खूश झाले की प्रयोग थेट वाशिमच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी अंजू आता सरांनाच मधे थांबवून प्रश्न विचारायची. आणि बाबा पारावर बसून, काळं पॅनल म्हणजे निव्वळ फसवणूक, हे गावाला पटवत होते.

“हे पाहा रंगरावभाऊ. आता तं बरोबर देऊन राह्यलं,” लालसिंगनं मीटर पुढं केला.

“तुमी आले म्हनून शहान्यावानी वागून राह्यलं ते. थांबा, तुमच्या मालकालेच इचारतो.” बाबा मोबाइल कानाला लावून कठड्याकडे गेले.

अंजू वर चढली. प्रयोग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मार्चच्या उन्हात कोण चढतं, आकडे तर खाली सावलीतच दिसायचे. काळ्या काचेवरून तिनं हात फिरवला, तर खालच्या कडेला बोटांना काहीतरी खरखरलं. पिवळं, वाळून काचेला घट्ट बसलेलं. तिनं ते नखानं सोडवलं आणि वास घेतला.

मुगाची वडी. कडेनं तशाच गोल खुणांच्या रांगा, एका पॅनलवरून दुसऱ्यावर गेलेल्या.

तिनं मूठ मिटली.

“भाऊ, ही येवढीच कड झाकली गेली तं?”

“साऱ्या पॅनलची वीज बसते पोरी. नळी येका जागी दाबली का पुढं पानी येते काय?”

खाली आई, सीताबाई, लालसिंगसाठी चहा ठेवत होती. अंजूनं तिच्यासमोर मूठ उघडली. आईनं वडीकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

“कोंबड्या चढत नाहीत तिथं,” ती म्हणाली. “काच साफ रायते, तापते बी. आज हा मानूस येनार म्हनून नाही टाकल्या.”

“पन पॅनलवर काहून माय?”

“मंग कुठं टाकू? सारी गच्ची तं त्यायनं भरली. बसवाच्या आंधी मले कोनं इचारलं?”

आवाजात राग नव्हता.

“तुह्या वाशिमचं काही बिघडते का वं याच्यानं?” आईनं हळूच विचारलं. वाशिमसाठी तिनं अंजूचा नवा ड्रेस शिवायला टाकला होता आणि कापड अख्ख्या गल्लीला दाखवून झालं होतं.

अंजूनं ती वडी तोंडात टाकली. कच्चीच. चांगली तिखट होती.

फाटकापाशी मैत्रिणींना तिनं सगळं सांगितलं.

“चूप राय ना!” रूपाली म्हणाली. “कोनाले समजनार हाय? नसता शहानपना केला तं वाशिम बी जाईन अन् तुह्यी इज्जत बी.”

लालसिंगची मोटारसायकल निघताना दिसली तशी अंजू त्याच्यामागे धावत गेली.

संध्याकाळी चुलीपुढं जेवताना बाबा म्हणाले, “मालकाले सांगून टाकलं. दोन्ही काळे उतरवून घेऊन जा.”

भाकरी थापणारा आईचा हात थांबला.

“अवो, पॅनल चांगलं हाय. म्या...”

“थांब माय.” अंजूनं ताट बाजूला सरकवलं. “बाबा, काहीच वापस कराचं नाही. दुपारी त्या काचेवर वड्या वाळत होत्या, अन् मी वर न चढताच आकडे लिहिले. चूक माह्यी हाय. उद्या सरले सारं सांगीन. वाशिमले पाठवतील तं जाईन, नाही पाठवलं तं नाही जानार. अन् येक काळं पॅनल आपन गोठ्यावर नेऊ, निळ्याच्या बाजूले. दोघायले सारखं ऊन, मंग खरं काय ते समजन. लालसिंगभाऊले मी बोलली हाओ. गच्चीची कोनती बाजू मोकळी कराची, ते फक्त माय सांगन.”