दोन सी आणि शेवटी एच

मंगलाला नावांच्या स्पेलिंगची किळस यायला लागली ती तिच्या बालवाडीत. तंजावरला घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ती लहान मुलांचा वर्ग चालवते. पूर्वी वर्गात एखादी प्रिया असायची, एखादा कार्तिक असायचा. आताही असतात, पण प्रियाच्या नावात आयची रांग लागलेली असते आणि कार्तिकच्या शेवटी एक एच चिकटवलेला असतो. मुलं पाटीवर अक्षरं काढता काढता मध्येच थांबतात. नाव संपलं की अजून शिल्लक आहे, हे त्यांना कळत नाही आणि ती रडायला लागतात. आईबापांना विचारलं की ते म्हणतात, नंबर बघून केलंय, मिस. मंगला मान डोलावते, आत जाते आणि तोंडावर पाणी मारते.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं होतं तोवर ठीक होतं.

तिचा धाकटा भाऊ गिरीश कुंभकोणमला राहतो. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो गणित शिकवतो. बहीणभाऊ तंजावरच्या जुन्या मराठी घरातले, पण त्याची बायको शरण्या चोळपुरमची, तमिळ घरातली. त्यांचा पहिला मुलगा शशांक हृदयाला भोक घेऊन जन्मला होता. चेन्नईला नेऊन ऑपरेशन केलं, पण वर्षाचा व्हायच्या आतच तो गेला. त्यानंतर बऱ्याच काळाने आता मुलगी झाली होती.

"अक्का, बारशाला लवकर ये," गिरीशने फोनवर सांगितलं. "आत्या म्हणून कानात नाव तूच सांगायचं. चैत्रा ठरलंय. कसं सांगायचं ते मात्र आल्यावर सांगतो."

"नाव कसं सांगायचं म्हणजे?"

"आल्यावर सांगतो ना."

सारंगपाणी कोयिलीच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत त्याचं घर. दारावरची पितळी पाटी नवी होती. गिरीशच्या नावात दोन ई आणि शेवटी दोन एच. मंगला पाटीकडे बघत चपला काढत होती, तेवढ्यात आतून एक माणूस पुढे आला. रेशमी शर्ट, कपाळाला गंध, हाताच्या तीन बोटांत खडे. गिरीशने ओळख करून दिली, "हे हरिकृष्ण सर. अंकज्योतिषी. पाटी यांनीच बघून दिली."

हरिकृष्ण पाळण्याजवळच्या खुर्चीत बसला आणि मंगलाला नाव समजावू लागला. सुरुवातीला दोन सी, मध्ये दोन वाय, शेवटी दोन ए आणि एच. कानात सांगताना पहिला च दाबून म्हणायचा आणि शेवटी श्वास सोडायचा, म्हणजे एच पोचतो. त्याने स्वतः दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी त्याची थुंकी पाळण्याच्या कडेवर उडाली. मंगलाने पदराने ती पुसली.

"चैत्रा आमच्या भाषेतलं साधं नाव आहे," ती म्हणाली. "त्यात श्वास सोडण्यासारखं काही नाही."

"अम्मा, भाषा कुठली का असेना. नंबर इंग्लिशला असतो."

गिरीशने तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या बोळात नेलं. तिथे तो आपल्या घरच्या मराठीत, हलक्या आवाजात बोलला. "अक्का, यावेळी चूक नको."

"यावेळी?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. "शशांकचं नाव तू सांगितलंस. तेव्हा कुणी काही बघितलं नव्हतं. सरांनी नंतर बघितलं. आठ येतो, शनीचा आकडा. तू मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? पण आठ येतो."

"तू गणित शिकवतोस, गिरीश."

"त्याचा इथे काय संबंध?"

तिला अंधारात माठात हात घालावा आणि बोटांना शेवाळ लागावं, तसं झालं. हाच भाऊ त्या पोराला छातीशी धरून चेन्नईच्या दवाखान्यात बसला होता. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं तेव्हा त्याने एकेक प्रश्न विचारून सगळं नीट समजून घेतलं होतं.

ती बाहेर आली, पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात तीनदा सांगितलं, चैत्रा. मंगलाच्या आईने सांगितलं असतं तसंच, साधं. हरिकृष्ण मागून वाकून ऐकत होता. "एच ऐकू आला नाही," तो म्हणाला. बायका घुगऱ्या वाटायला लागल्या.

दुपारी पानं मांडली. हरिकृष्णाला पहिलं पान दिलं होतं. मंगला पायसम वाढत होती. शरण्या बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. सकाळपासून ती फारशी बोलली नव्हती. आता तिने तमिळमध्ये शांतपणे विचारलं, "सर, शशांकचं बरोबर स्पेलिंग काय झालं असतं?"

पंगतीतले दोघेतिघे जेवायचे थांबले. हरिकृष्ण थांबला नाही. त्याने पायसमच्या खिरीत अप्पळमचा पापड चुरला, खरकट्या बोटाने पानाच्या कडेला काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "शेवटी एक ए वाढवायचा होता. पोर राहिलं असतं."

"एकच?"

"एकच. एवढंसं काम होतं." आणि त्याने आणखी पायसम घालायला पान पुढे सरकवलं.

मंगलाने भांडं खाली ठेवलं. "उठा," ती म्हणाली.

"अम्मा?"

"पानावरून उठा."

"अक्का," गिरीश म्हणाला.

"त्या पोराच्या छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत टाके होते," मंगला हरिकृष्णाला म्हणाली. "त्याला शेवटची आंघोळ मी घातली. तुम्ही पायसम चाटत त्याच्याबद्दल बोलताय. उठा."

तो उठला. त्याने घाई केली नाही. पान दुमडलं, हात धुतले, टॉवेल मागून घेतला. "मी मनावर घेत नाही," तो गिरीशला म्हणाला. "अम्मांच्या नावातही दोष आहे. एक जी कमी पडतो. म्हणून राग येतो." गिरीश त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत माफी मागत गेला. परत आल्यावर तो मंगलाशी बोलला नाही. तीही चहा-कॉफी न घेता निघाली.

परतीची गाडी सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी राहिली. मंगला खिडकीतून भाताच्या शेतांकडे बघत होती आणि मग तिच्या लक्षात आलं की ती मांडीवर बोटाने आपल्याच नावाची अक्षरं मोजते आहे. तिने हात झटकला. खिडकीबाहेर बाटलीतलं पाणी ओतून बोटं धुतली.

काही आठवड्यांनी शरण्याचा फोन आला. ती बाळाला घेऊन एकटीच नगरपालिकेत गेली होती आणि जन्मदाखल्यावर साधं स्पेलिंग घालून आली होती.

"मी सरांना विचारलं ते मला खरं वाटत होतं म्हणून, अक्का," ती म्हणाली. "मला वाटायचं, आपणच काहीतरी चुकलो. त्यांनी घासाच्या मध्ये सांगितलं. क्षणभर थांबलेसुद्धा नाहीत. तेव्हा मला कळलं की यांना काहीच माहीत नाही."

"गिरीश काय म्हणतो?"

"बोलत नाही."

तो बोलला ते बाळाला लस दिल्यानंतर. रात्रभर चैत्राला ताप होता. सकाळी शरण्याने घाबरून फोन केला आणि मंगला पहिल्या गाडीने गेली. बाळ रडून रडून लाल झालं होतं. डॉक्टरांनी औषध दिलेलं होतं. मंगला ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत बसली. गिरीश दाराशी उभा होता.

"दाखल्यावर आपल्या मनाने लिहून आली," तो म्हणाला. "आणि आता बघ."

"लस दिली की ताप येतो. तुलाही यायचा."

दुपारपर्यंत ताप उतरला. बाळ दूध प्यायलं आणि झोपलं. गिरीशने स्वतः कॉफी केली, बहिणीसमोर आणून धरली. त्याचे डोळे सुजलेले होते. मग तो म्हणाला, "सकाळी मी माझ्या मोबाइलमध्ये तिचं नाव सरांच्या स्पेलिंगने लिहून ठेवलं. त्यानंतरच उतरला."

शरण्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बाळाला उचलून आतल्या खोलीत गेली.

मंगलाला त्याची कीव यायला हवी होती. एक मूल गमावलेला माणूस होता तो, दुसऱ्यासाठी जीव मुठीत धरून बसलेला, आणि तिचा भाऊ. पण कीव आली नाही. पुन्हा तीच किळस आली. तिने कॉफी घेतली नाही. "मोबाइलमध्ये काय हवं ते लिही," ती म्हणाली. "शशांकचं नाव परत त्या माणसाच्या तोंडात घालू नकोस."

तो पेला तसाच हातात धरून उभा राहिला.

शरण्या तिला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली. "पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका, अक्का," ती म्हणाली. "मीच चैत्राला घेऊन तंजावरला येईन."

शुक्रवारी ती आली. दोन दिवस राहिली. गिरीशने फोन केला नाही आणि मंगलानेही केला नाही.