पिळलेलं टाट

कृष्णरावानं गोणपाटाचं ओलं टाट आनंदीबाईंच्या ओट्यावर दाणकन आपटलं. आतल्या सोयाबीनचा कुजका वास सुटला.

"देखो, म्याडमजी! तुमच्या रीलसारखे शंभर दाणे टाटात गुंडाळले. उगवले अडतीस! घरचं चार बोरे, चार पोती बियाणं बेकार. ट्रॉली भरलीय, चाललो मंडीत विकायला."

आनंदीबाईंना राग आलाच नाही. छत्तीस वर्षं त्यांनी महूजवळच्या या गावात विज्ञान शिकवलं. वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या कृष्णानं आज पहिल्यांदा प्रयोग करून पाहिला होता!

त्यांनी टाट उचललं. पाण्याची धार लागली.

"अरे, पिळलं नाहीस?"

"रीलमध्ये कुठं पिळलंय?"

आनंदीबाईंनी नातीकडं पाहिलं. संबोधी शहरात, तुकोगंजात नोकरीला. रविवारी येऊन आजीचे रील काढायची. ती ओशाळली. "आजी, तो भाग मी काटला. बोअर होता. बाकी बच्चा लोकांना जाम आवडलं."

"शहरातल्या पोरांना कोंब बघायचाय, बाळा. याला पेरायचंय." मग त्या कृष्णरावाकडं वळल्या. "दाण्याला पाणी लागतं, तशी हवाही लागते. चिंब टाटात तो गुदमरतो. पाच दिवस थांब."

"आभाळ भरून येतंय, म्याडमजी!"

"दहावीत प्रयोगवहीसाठी मी तुला पंधरा दिवस दिले होते. तू मला पाच दे. आणि यावेळी मोबाइलसमोर तू."

कृष्णराव लाजला, घरी जाऊन केस विंचरून आला. नवं टाट भिजवलं आणि दातओठ खाऊन पिळलं. "ऐसो निचोडो, भिया, एक बूंद नी टपकनी चइये!"

पाचव्या दिवशी दोघांनी शंभर दाण्यांतले कोंब मोजले. एक्क्याऐंशी! कृष्णरावानं पुन्हा मोजले, मग बोरे ट्रॉलीतून उतरवून घरात नेले.

त्याचं रील आसपासच्या सगळ्या गावांत फिरलं. पुढच्या रविवारी त्याची बायको रमा धुण्याची बादली घेऊन ओट्यावर हजर.

"म्याडमजी, यांचं रील मी अकरा वेळा पाहिलं. वीस वर्षं म्हणतात, मनगट दुखतं, चादर पिळवत नाही."

तिथंच बसलेला कृष्णराव, वर्गात खिडकीबाहेर बघायचा तसा, दूर बघू लागला.

संबोधीनं मोबाइल उचलला. "घ्या चादर, काका. यातलं काहीच नाही काटणार."