दारावरचा डबा

हफसाला त्या डब्याचा आता वीट आला होता. कासमशेठच्या केबिनबाहेर भिंतीवर लावलेला, हार घातलेला, हिरवे दिवे मिचकावणारा फायरवॉलचा डबा. इंटरनेटवरून येणारे चोर तो अडवतो म्हणून शेठ पाहुण्याला आधी त्याचं दर्शन घडवत, चहा नंतर. निजामपुऱ्याच्या यंत्रमागांच्या वस्तीत दुसऱ्या कुठल्याच लूमवाल्याकडे असला थाट नव्हता.

आत मात्र सगळा मोकळा कारभार. लूमवर डिझाइन पाठवणारा कॉम्प्युटर, हिशोबाचा, कॅमेऱ्यांचा, सगळे एकाच नेटवर्कवर आणि सगळ्यांना एकच पासवर्ड. डिझाइनं काढणारी हफसा सांगून सांगून थकली होती.

"चाचा, आतपण दारं पाहिजेत. आणि बॅकअप वेगळा ठेवू या."

"बेटा, घरातल्या घरात कुलपं कोण लावतं? आत सगळी आपलीच माणसं ना!"

आणि सोमवारी सकाळी लूम ठप्प झाले. स्क्रीनवर खंडणीची धमकी, आणि हफसाने आजवर काढलेली सगळी डिझाइनं कुलूपबंद. बॅकअपची डिस्कही त्याच नेटवर्कवर, तीही गेली. इतक्या वर्षांची मेहनत!

"कॉम्प्युटर तू बघतेस ना? मग डबा असताना आत आलं कसं?" शेठ सगळ्यांदेखत तिच्यावर बरसले.

तिने शोधून काढलं. व्हायरस शेठच्याच कॉम्प्युटरवरून पसरला होता, त्यांनी स्वतः लावलेल्या पेन ड्राइव्हमधून. या गल्ल्यांत डिझाइनं अशीच फिरतात, टपरीवर चहा पिता पिता, या खिशातून त्या खिशात.

शेठ जरा वरमले. मग त्यांनी कापडाचा एक तुकडा टेबलावर पसरला. "शेलार गावातल्या एका लूमवाल्या पार्टीचा माल आहे. मार्केटमध्ये धडाधड खपतोय. टपरीवर एकाने तीच पेन ड्राइव्हमध्ये दिली. असली डिझाइन सोडायची कशी, सांग?"

डाळिंबाची फुलं, आणि काठाच्या वेलीवर एक पान उलटं. ते पान हफसाच्याच हातून चुकलं होतं, दुरुस्त करायचं राहिलं होतं. अजून ते डिझाइन गिऱ्हाइकालाही दाखवलं नव्हतं.

"चाचा, ही माझी आहे. इथूनच बाहेर गेली. आपल्याच कुणाच्या तरी खिशातून."

शेठचा चेहरा खुलला. "म्हणजे आपलीच! मग चोरी कसली? त्या पेन ड्राइव्हमधून परत उतरव. आणि दारावर याहून मोठा डबा बसवू."

हफसाला शिसारी आली. त्या कापडावरचं एवढं एकच डिझाइन उरलं होतं तिचं. तिने कापड घडी करून पर्समध्ये टाकलं, आपल्याकडच्या ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्या डब्यासमोरून चालत बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही.