फळीचा टेकू

मिस्त्री उभा जन्म सुतारकाम करत आलेले. घरातल्या खुर्च्या, पलंग, कपाट, सगळं त्यांच्या हातचं. बाहेरच्या खोलीत एकच वस्तू अशी होती जी त्यांनी केलेली नव्हती, आणि खोलीतली अर्धी जागा तिनेच खाल्ली होती. ते पिनबॉलचं मशीन. काचेखाली उतरती फळी, फळीवर रंगीत दिवे, आणि घरंगळत येणारी स्टीलची गोळी दोन पंखांनी वर टोलवायची, असा तो खेळ.

मशीन त्यांच्या मुलाने आणलेलं. तो एका खेळघरात विजेची कामं करायचा. खेळघर बंद पडलं तेव्हा भंगारात निघालेलं हे धूड त्याने मित्रांना हाताशी धरून जिन्यावरून वर चढवलं.

"लोक मांजर पाळतात, तू हत्ती आणलास," मिस्त्री तेव्हा म्हणाले होते.

"चालू झाला की तुम्हीच हटणार नाही बाबा," मुलगा म्हणाला.

चालू करायचं राहून गेलं. मुलाला साधा ताप आला, तपासण्यांत भलतंच निघालं, आणि हां हां म्हणता तो गेला. मिस्त्रींची बायको आधीच गेलेली. घरात उरले सासरा आणि सून. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. माहेरी जा, असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं. मिस्त्रींनी मात्र कधी जा असंही म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. एका रविवारी ते मशीनपाशी जाऊन म्हणाले, "सूनबाई, जरा हात लावतेस?" तेव्हापासून ते रविवारचं काम होऊन बसलं.

आधी प्लग काढायचा. मग काच सरकवून पलंगावर ठेवायची, गोळी काढून वाटीत टाकायची, आणि फळी पुढच्या कडेने धरून पेटीच्या झाकणासारखी वर उचलायची. बिघाड सगळा तिच्या पोटात. तारांची जुडगी, तांब्याची वेटोळी, बारीक पत्र्यांची बटणं. त्यांच्या वजनाने फळी भरल्या गोणीसारखी जड झालेली. तिला वर तोलून धरणारी लोखंडी दांडी खेळघरातच कुठेतरी राहिली होती. पहिल्यांदा मिस्त्रींनी झाडूचा दांडा लावला. तो सटकला. फळी बोटांवर आली आणि त्यांचं एक नख काळं पडून गळून गेलं. त्यानंतर दांड्याच्या जागी सून उभी राहायला लागली.

हात वर करून, खांदा फळीला लावून ती उभी राहायची आणि मिस्त्री खाली डोकं घालून एकेक तार तपासायचे. विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. लाकडाचे सांधे तपासावेत तसे ते तारांचे सांधे तपासायचे, हलवून बघायचे, पुसायचे. मधेच म्हणायचे, "हे बघ, ही ढिली होती. आता बघच." मग प्लग लावायचा. दिवे लागायचे नाहीत. "पुढच्या रविवारी बघू," ते म्हणायचे आणि ती चहा ठेवायची.

दुकानात चष्म्याच्या काचा घासणारा एक जण होता. अबोल, वयाने तिच्याहून थोडा मोठा, बायको सोडून गेलेला. त्याला दुसऱ्या गावी काम मिळालं, तेव्हा त्याने तिला लग्नाचं विचारलं. चार दिवसांनी ती हो म्हणाली. आता घरी सांगायचं उरलं. जेवताना सांगू म्हणायची आणि भात वाढून उठायची. शेवटी तिने सांगितलं ते रविवारीच, फळी खांद्यावर असताना.

"बाबा, मी लग्न करतेय. तो दुसऱ्या गावी चाललाय. मलाही जावं लागेल."

खाली त्यांचे हात थांबले. डोकं काही बाहेर आलं नाही.

"जरा वर घे," ते म्हणाले. "दिसत नाहीये."

तिने फळी आणखी वर रेटली. तिचे दंड थरथरायला लागले, तरी ते बाहेर येईनात. आत ते काय करत होते कोण जाणे, पेचकसाचा आवाजही येत नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, हात भरून आलेत."

ते बाहेर आले. दोघांनी मिळून फळी खाली ठेवली. "बरं केलंस," हात पुसत ते म्हणाले. "मीच सांगणार होतो तुला."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर घरभर भुसा. एका जुन्या चौकटीचं सागवान चिरून मिस्त्री टेकू करत बसले होते. किती दिवसांनी त्यांनी रंधा हातात घेतला होता. तिला बरं वाटलं. म्हातारा मनाला लावून घेत नाहीये, असं ती समजली.

टेकू एक नाही, दोन होते, दोन्ही बाजूंना एकेक. खालचं टोक पेटीच्या भिंतीला पक्कं स्क्रूने बसवलेल्या खोबणीत. वरच्या टोकाला खाच, फळीची कड त्यात रुतून बसेल अशी, आणि कड चेपू नये म्हणून जाड कापड. वर एक खिटी, धक्का लागला तरी खाच सुटू नये म्हणून.

"एकाने भागलं नसतं का?" तिने विचारलं.

"एक कधीतरी दगा देतो. दोन एकदम देत नाहीत," ते म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

त्यांनी फळीच्या कडेला वाळूची पिशवी टांगली, पेटीला कोपराने दणके दिले. फळी तसूभर हलली नाही. मग ते म्हणाले, "बघ. आता तू नसलीस तरी चालेल." आणि जरा थांबून, "कामाला म्हणतो मी."

निघायच्या आदल्या दिवशी तिला राहवलं नाही. दुकानात चष्म्याला येणाऱ्या एका मशीन दुरुस्तीवाल्याला तिने कधीचंच घरी आणून हे धूड दाखवलं होतं, मिस्त्री बाहेर गेले असताना. बॅटरी फुटून आतलं सर्किट खाल्लं गेलंय, ह्याचे भाग आता कुणी बनवत नाही, असं तो म्हणाला होता. "बाई, ह्यात जीव नाही." आपण गेल्यावर बाबा एकटेच तारांत डोकं घालून बसणार, ह्या विचाराने तिने ते सगळं सांगून टाकलं.

मिस्त्री ऐकत राहिले. "कधी दाखवलंस?"

"झाले बरेच महिने."

"मग दर रविवारी हात वर करून का उभी राहायचीस?"

तुमच्यासाठी, असं म्हणायला ती तोंड उघडणार होती. पण तो शब्द तिलाच उपकारासारखा वाटला.

"मला वाटायचं, तुलाही ते चालू व्हायला हवंय," ते म्हणाले. रागाने नाही. पत्ता चुकलेला माणूस म्हणतो तसं. मग त्यांनी तिच्या बॅगेची ढिली मूठ घट्ट करून दिली.

ती परत आली ती थंडी सरल्यावर. फोनवर ते बरा आहे एवढंच म्हणायचे. दार उघडायला त्यांना वेळ लागला. उजवा हात पोटाशी धरलेला, खांदा आखडलेला. खोलीत फळी ती गेली तेव्हा होती तशीच वर, दोन्ही टेकूंवर. तारांवर धूळ, पेचकसांवर धूळ. शेजारच्या पलंगावरच ते जेवत असावेत. ताट तिथेच होतं.

"काम चालू आहे," ते म्हणाले.

"खाली तरी घ्यायची बाबा. असंच उघडं?"

"घेणार कशी? फळी धरायला दोन हात लागतात, खिटी काढायला तिसरा. ते तेव्हा डोक्यात आलंच नाही. आणि आता हा उजवा वर जात नाही."

"मी धरते, तुम्ही खिट्या काढा."

"नको. खाली गेली तर मला पुन्हा वर करता येणार नाही."

ती उभीच राहिली. आमच्याकडे चला, असं ती म्हणाली. "नवऱ्याला विचारलंस?" ते म्हणाले. ती हो म्हणाली, आणि ते खरंही होतं.

"चांगला आहे मग," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

तिने ताट घासलं, चादर बदलली, खांद्याला तेल लावून दिलं. तेल लावताना ते भिंतीकडे बघत होते. आतल्या डब्यांत तिने डाळ-तांदूळ भरून ठेवले. काळोख पडायच्या आत गाडी होती. दारात तिने विचारलं, "पुढच्या महिन्यात येऊ?"

"वेळ मिळाला तर ये," ते म्हणाले. ती जिना उतरायला लागली, तशी त्यांनी डाव्या हाताने कडी लावून घेतली.